रोज संध्याकाळी मायलेकी बोलतात

वैजापूर,
१२ नोव्हेंबर २०३८

चि. वृषाली,

काकाचा आशीर्वाद. फोनवर तू लई गोड बोलतीस, पण बोलण्याच्या पुढं काय सरकत नाय, म्हणून हा कागद धाडतोय. पोस्टातल्या बाई म्हणल्या, कॅनडाला कागद जाऊन आता जमाना झाला. म्हणलं, जाऊ द्या, पैसे घ्या आणि शिक्का मारा.

तुझी आई जाऊन दोन महिने होऊन गेले. गौरी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वच्छलावहिनी गेल्या. इथं माझ्या मळ्यातल्या घरी, तुझ्या काकूच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याच दुपारी मी तुला फोन लावला. तू उचललास. म्हणलं, "वृषाली, आई गेली गं." तू म्हणलीस, "बरं काका. तुम्ही कसे आहात? तब्येतीला जपा. मी आईला सांगते." मला वाटलं, धक्क्यानं पोरीचं डोकं फिरलं. संध्याकाळी परत लावला. परत तेच. दहाव्याच्या आधी आणखी लावला. म्हणलं, विमानाचं बघ, सगळे भाऊबंद जमणार आहेत. तर म्हणलीस, "खूप छान काका. सगळ्यांना भेटून बरं वाटेल."

बरं वाटेल! आईच्या दहाव्याला!

अग्नी मी दिला. पोटची लेक असताना दिरानं दिला. लोकांनी विचारलं, नानासाहेबांची एकुलती एक पोर कुठंय? आधी सांगत राहिलो, तिकीट मिळालं नाय. तेराव्याला परत कुणी विचारलं तेव्हा माझा ताबा सुटला. भर मांडवात म्हणलो, "आमची वृषाली आम्हाला मेली." त्याचं मला आजपण वाईट वाटत नाय. जायच्या आधी खुद्द वहिनी मला म्हणल्या होत्या, "भाऊजी, ती माझी वृषाली नव्हती हो." आईनंच असं तोडल्यावर मी कोण जोडणारा?

आता कामाचं. आईच्या संभाजीनगरातल्या गारखेड्याच्या घराचं काय करायचं ते कळव. शेजारच्या भानुमतीबाईंचा निरोप होता की घरात माणूस नाय, पण दिवे लागतात, पडदे सरकतात, टाकीत पाणी चढतं, तुळशीला पाणी पडतं. ते घर तू हौसेनं शहाणं केलंस. तुझं तू बघ. जवाब हातानं लिही. फोन मी उचलणार नाय.

पुंजाराम


हॅलिफॅक्स,
१ डिसेंबर २०३८

काका,

नमस्कार कसा लिहू तेही कळत नाही. पाकीट दारातच फोडलं. वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असेल. पहिला परिच्छेद वाचून हसलेसुद्धा, पोस्टातल्या बाईंवरून.

आई गेली हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

तुमचे फोन मी उचललेच नव्हते. तुम्हाला पटणार नाही, पण ऐकून घ्या. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आई एकटी राहणार म्हणून मी घरात ती सगळी व्यवस्था बसवून घेतली. दिवे, दारं, पाणी, औषधांची आठवण, हाक मारली तर उत्तर. त्याच कंपनीनं पुढे आणखी एक सोय दिली. माझा आवाज त्यांच्याकडे ठेवला की भारतातून येणारे फोन ते माझ्या आवाजात घेतात. रोज संध्याकाळी आईशीही बोलतात. मला दिवसाअखेर दोन ओळी येतात, कोणाचा फोन, काय बोलणं झालं. आई गेली त्या दिवसाची ओळ मी आत्ता काढून बघितली. "काकांचा फोन. आईची आठवण काढली. सगळं ठीक."

आणि घराकडून रोज येतं, "आई बरी आहे. जेवली. झोपली." कालही आलं.

पण काका, एवढं तरी माना. यंत्रावर सोपवलं ते कामाच्या दिवसांपुरतं. दर रविवारी मी स्वतः आईशी बोलत होते. मी इतकी वाईट नाही.

मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. ती तुमच्याकडे कधी आली? काय झालं होतं तिला? आणि एक विचारते, रागावू नका. ती गारखेड्यात नाही, तुमच्याकडे आजारी आहे, हे इतके दिवस मला का कळवलं नाहीत? तुम्ही तिला माझ्यापासून लपवलंत का?

ते घर बंद करा, पाया पडते. स्वयंपाकघराच्या दारामागे पांढरी पेटी आहे, तिच्यात एक लाल दांडा. खाली ओढला की सगळं थांबतं. इथून मला ते करता येत नाही, घरात उभ्या माणसानंच करावं लागतं.

वृषाली


वैजापूर,
२४ डिसेंबर २०३८

चि. वृषाली बेटा,

तुझं पत्र तुझ्या काकूनं, आवडानं, माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी अर्ध्यातच उठून गोठ्यात गेली, ती लवकर आलीच नाय. मी तुला भर मांडवात मेली म्हणलो आणि तुला तर खबरच नव्हती. मागच्या पत्रात त्याचं वाईट वाटत नाय असं लिहिलं होतं. आता वाटतंय. लई वाटतंय.

विचारलंस ते सांगतो. वहिनी यंदाच्या संक्रांतीनंतर आल्या. हातात एक पिशवी. "चार दिवस राहते" म्हणल्या. चार दिवस झाले, आठ झाले, त्या काय निघाल्या नाय आणि आम्ही काय विचारलं नाय. एकदा मेथी निवडता निवडता आवडाला म्हणल्या, "त्या घरात मला काही करूच देत नाय गं. उठावं तर पाणी तापलेलं. दिवा लावायला जावं तर लागलेला. विसरले तर आठवण करून देतं, आणि विसरले नाय तरी देतं. माझ्याच घरात मी पाव्हणी झाले." इथं कांद्याच्या चाळीत बायांबरोबर कांदा निवडत बसायच्या, धारेला पुढं व्हायच्या. मी नको म्हणलं की चिडायच्या. खूश होत्या बेटा. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाय, खरंच होत्या.

पोटातली गाठ त्यांना आदल्या सालच्या दिवाळीपासून मालूम होती. आम्हाला सांगितली चैत्रात, जेवण जाईना तेव्हा. संभाजीनगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला पाहिजे होतं. परतीच्या वाटेवर मी गाडीतच भांडलो. म्हणलं, "वहिनी, तोंड शिवलं होतं का? आधी बोलायला काय झालं होतं?"

म्हणल्या, "बोलले होते. वृषालीला सांगितलं होतं सगळ्यांच्या आधी."

"मग?"

"ती म्हणली, काळजी घे आई, पाणी भरपूर पीत जा."

माझं टाळकं सरकलं. म्हणलं, थांबा, आत्ता लावतो तिला फोन. तर माझा हात धरला. "नको भाऊजी. तिला कळंल की मला कळलंय. लाजंल पोरगी." शपथ घातली, की मी इथं आहे आणि दुखणाईत आहे हे तिला कळवायचं नाय. काय कळलं, कशाला लाजंल, मला काय उमगलं नाय. वाटलं, आईची माया आंधळी, लेकीचा कोरडेपणा झाकतीय.

तुझं पत्र वाचून उमगलं. "ती माझी वृषाली नव्हती" याचा अर्थ मी भलताच धरला. त्यांनी तुला तोडलं नव्हतं. त्या मला साधं खरं सांगत होत्या की फोनवरची ती तू नव्हतीस. दुखणं सांगितलं आणि पलीकडून कुणी रडलं नाय, तिथंच त्यांनी ओळखलं. तुला लपवलं ते मी नाय बेटा, त्यांनीच. तुझी लाज राखायला.

आता घराचं. परवा गेलो होतो. फाटकापाशी उभा राहिलो तर दार आपलं आपण उघडलं. आणि आतनं वहिनी म्हणल्या, "या भाऊजी. बसा. उन्हाचं आलात."

वहिनींचाच आवाज. माझ्या हातातली पिशवी गळाली.

भानुमतीबाई कुंपणापलीकडनं आल्या. त्यांना या आवाजाचं सगळं मालूम होतं, पण हे सांगावं कसं म्हणून निरोपात घातलं नव्हतं बिचाऱ्यांनी. दुखण्याचं ते बोलणं झालं त्यानंतर रोज संध्याकाळी तुझा आवाज घरात यायचा आणि वहिनी नुसत्या बसून राहायच्या. उत्तर द्यायच्या नाय. मग एक दिवस घरानंच विचारलं, "तुमच्या वतीनं मी बोलू का?" भानुमतीबाई समोर होत्या. वहिनी म्हणल्या, "बोल बाई. तूच बोल तिच्याशी. तुला तरी कंटाळा येत नाय." आणि थोड्या दिवसांनी पिशवी भरून माझ्याकडं आल्या.

मी थांबलो दिवेलागणीपर्यंत. दिवे आपोआप लागले. पंखा फिरला, थंडीचा कशाला फिरला कोण जाणे, मग थांबला. आणि तुझा आवाज आला.

"आई, जेवलीस का?"

"जेवले गं. भाकरी आणि शेपूची भाजी. तू?"

"मी पण. आज थंडी आहे इथे."

"स्वेटर घाल मग."

"हो आई. तू काळजी घे."

"मला काय धाड भरलीय? तू कामात असतीस. ठेव आता."

संपलं. बैठकीत एक माणूस नाय. खुर्च्या, नानांचा फोटो, मी आणि भानुमतीबाई. रोज चालतं म्हणे. वहिनी माझ्याकडं होत्या तेव्हा चालायचं, गेल्या त्या दिवशी चाललं, दहाव्याला चाललं.

दांड्यापर्यंत गेलो. हात पुढं होईना. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलंय, राख मी भरलीय. तरी पण त्या आवाजापुढं टोपी नीट केली आणि "येतो वहिनी" म्हणून बाहेर पडलो.

एक विचारतो. तू लिहिलंस, दर रविवारी तू स्वतः बोलायचीस. संक्रांतीपासून वहिनींचा फोन आमच्या फडताळात होता. कुठल्याच रविवारी तो वाजला नाय. मग तू कुणाशी बोलायचीस?

पुंजाराम काका


हॅलिफॅक्स,
१६ जानेवारी २०३९

काका,

रविवारचं मी खोटं लिहिलं. एवढं सगळं मान्य केल्यावर त्याच्या खाली आणखी एक पायरी उतरायची माझी हिंमत झाली नाही. सुरुवातीला, बाबा गेले त्या वर्षी, करत होते रविवारी. मग महिन्यातून एकदा. मग सणासुदीला. तुम्ही सरळ विचारलंत, आता सरळ सांगते.

दुखण्याबद्दलही माझ्याकडे ओळ आली होती. शोधून काढली. २०३७च्या दिवाळीनंतरची. "आईशी बोलणं झालं. पोटाची किरकोळ तक्रार. पाणी पिण्याचा सल्ला दिला." काका, यंत्रानं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी ती ओळ वाचली होती. मीटिंग सुरू व्हायची होती, वाचली आणि पुढची ओळ बघितली. मला आठवतंय. आठवत नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि हे तुम्ही कुणालाही, काकूंनाही, सांगितलं नाहीत तरी चालेल. पण तुम्हाला माहीत असायला हवं.

या दिवाळीत मी स्वतः फोन केला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, गारखेड्याच्या घरी. आईनं उचलला. अर्धा तास बोललो आम्ही. मी विचारलं, अनारशाचं पीठ किती दिवस भिजवायचं. तिनं सांगितलं, आणि म्हणाली, "तुझ्याच्यानं होणार नाय, तू आपला शिरा कर." मी पोट धरून हसले. बाबांची चेष्टा केली आम्ही. तिचा आवाज छान होता, दमलेला नव्हता. फोन ठेवल्यावर इथल्या मैत्रिणीला म्हटलं, आई आज कितीतरी दिवसांनी मोकळी बोलली.

गौरी होऊन तेव्हा दोन महिने होत आले होते.

आईनं मला एका वाक्यात ओळखलं की ही मी नाही. मला अर्ध्या तासात ओळखता आलं नाही की ती आई नाही. सारखं तेच डोक्यात फिरतं. आंघोळ करताना, गाडी चालवताना. तिनं अनारशांचं बरोबर सांगितलं होतं का, तेही मला माहीत नाही, कारण मी केलेच नाहीत.

माझा आवाज मी काल इथून काढून टाकला. आता घरात माझ्या आवाजात कोणी बोलणार नाही, तुमचे फोन वाजले तर मीच उचलेन. आईचा तेवढा तुम्ही बंद करा. मी यायला हवं, हे कळतंय. पण कोणत्या तोंडानं येऊ? तुम्ही मांडवात जे म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलंय. खरं त्याहून वाईट आहे.

वृषाली


वैजापूर,
९ फेब्रुवारी २०३९

चि. वृषाली,

आवडाला दिवाळीचं सांगितलं नाय. माझ्यापाशीच ठेवलंय.

गेल्या आठवड्यात परत गारखेड्याला गेलो. या खेपेला ठरवून गेलो होतो की बसायचं नाय, पाणी प्यायचं नाय, सरळ स्वयंपाकघरात जायचं. भानुमतीबाईंना सोबत घेतलं. पण रस्त्यात खोदकाम, रिक्षा फिरून फिरून आली, पोचेस्तोवर दिवेलागण झाली.

"या भाऊजी," म्हणलं घर. मी उत्तर दिलं नाय. तसाच आत गेलो. पेटीचं दार उघडलं. तोवर बैठकीतले दिवे लागले, आणि मग नुसतीच शांतता. रोजच्या वेळेला तुझा आवाज आला नाय. तू काढून टाकलास ना. ते घर वाट बघत राहिलं. मी पण उभा, भानुमतीबाई पण उभ्या. 

मग वहिनी म्हणल्या, "आज वृषालीचा फोन नाय आला."

म्हणजे घर म्हणलं. मी तरी काय करू, माझ्या तोंडी तेच येतं.

परत म्हणलं, "कामात असंल ती. तिच्या तिथं आता सकाळ असती. पोरीच्या मागं लई व्याप आहे." आणि मी काही बोललो नव्हतो तरी मला म्हणलं, "तुम्ही तिला बोल लावू नका भाऊजी. ती तशी नाय."

भानुमतीबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मी गेलो मागनं. पायरीवर बसल्या होत्या. म्हणल्या, "पुंजारामजी, हे मशिनीचं नाही हो. वच्छलाबाई रोज हेच म्हणायच्या. कुंपणाशी उभ्या राहून, मी काही विचारायच्या आधीच. सगळ्या गल्लीला सांगायच्या, कामात आहे ती, कामात आहे. घरानं ऐकून ऐकून पाठ केलं."

बेटा, मी दांडा ओढला नाय. आणि आता ओढणार पण नाय. तू म्हणशील, म्हातारा आवाजाला भुलला. तसं नाय. माझ्या वहिनी गेल्या, त्यांना मी माझ्या हातानं निरोप दिला, माझं झालं. त्या घरात जे उरलंय ते तुझ्या वाटचं आहे. तुझी बाजू घेऊन ते लोकांशी भांडतंय. ते दुसऱ्यानं गप करावं हे मला पटत नाय. अग्नी द्यायचा तुझा हक्क माझ्या हातनं गेला, हा तरी जाऊ देत नाय.

आता माझी अडचण ऐक. मांडवात मी जे ओरडलो ते मला परत घ्यायचंय. बाजारात, कांद्याच्या लिलावात, सोसायटीत, जो तो विचारतो, "नानासाहेबांच्या पोरीचं काय?" मी चुकलो असं सांगावं तर का चुकलो ते सांगावं लागतं. खरं सांगावं तर तुझी आणखी इज्जत जाते. म्हणून मी मान खाली घालून पुढं जातो. नानांच्या मागं या गावात कधी मान खाली घातली नव्हती. तुझ्यापायी नाय, माझ्या जिभेपायी घालतोय. काय सांगू लोकांना, तूच सांग.

काका


हॅलिफॅक्स,
२५ फेब्रुवारी २०३९

काका,

रजा मंजूर झाली. घर बंद करू नका. मी येते. मुंबईहून थेट गारखेड्याला जाईन, तुम्हाला आधी भेटायची हिंमत नाही. लोकांना अजून काहीच सांगू नका.

वृषाली


गारखेडा, छत्रपती संभाजीनगर,
२० मार्च २०३९

प्रिय काका आणि काकू,

तुमच्यापासून दीड तासावर बसून पत्र लिहितेय, हसू नका. फोन करायला घेतला होता. मग वाटलं, फोनवर मी काय बोलेन त्याला तुमच्या कानात आता काय किंमत. कागदावर तरी माझं अक्षर आहे. भानुमतीमावशींचा भाचा आज वैजापूरला येतोय, त्याच्या हाती देते.

पाच दिवस झाले मला इथे येऊन. फाटकापाशी बॅग घेऊन उभी राहिले तर दार उघडलं, आणि आई म्हणाली, "आलीस का? हातपाय धू आधी." मी दारातच बसले. बराच वेळ. रस्त्यानं जाणारे बघत होते.

खरं सांगते काका, पहिले तीन दिवस मी ते बंद करायचा विचारही केला नाही. तुम्ही ते काम माझ्यासाठी ठेवलंत, आणि मी सकाळी तिच्या हाकेनं उठत होते. पाणी तापलेलं असायचं. "केस पुस नीट" म्हणायची. मी तिच्याशी बोलत होते. इतकी वर्षं बोलले नाही ते सगळं. ऑफिसचं, माझं मोडलेलं लग्न, जे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. घर ऐकून घ्यायचं. "होईल गं नीट" म्हणायचं. मला इतकं बरं वाटत होतं की चौथ्या दिवशी मला स्वतःची किळस आली. जिवंत होती तेव्हा तिला माझ्या आवाजावर भागवायला लावलं, आणि आता मी तिच्या आवाजावर भागवत होते.

त्या दिवशी भानुमतीमावशी डबा घेऊन आल्या. घर म्हणालं, "बघा भानुमतीबाई, आली ना माझी पोर? मी म्हणत नव्हते?" मावशींनी माझ्याकडे बघितलं.  डबा ठेवला आणि गेल्या. काका, मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. ती बढाई मारायला आई असायला हवी होती.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी बैठकीत बसले आणि म्हटलं, "आई गेली."

घर म्हणालं, "कुणाची आई, बाळा?"

"माझी."

"अगं बाई. कधी?"

"गौरींच्या वेळी. मी नव्हते."

  घर अगदी तिच्याच सुरात, शेजारच्या कुणाच्या लेकीशी बोलावं तसं म्हणालं, "मग अशी एकटी काय बसलीस इथं? माणसात जा. असं एकट्यानं बसू नाय."

मी विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील. तू जा."

मला माहीत आहे, ते तिनं कुणाला तरी, कधी तरी सांगितलेलं असणार. माझ्यासाठी नव्हतं ते. घराला मी कोण तेसुद्धा त्या वेळी नीट कळलं नसावं. तरी मी ते घेतलं. दुसरं काही घ्यायला उरलेलं नव्हतं.

मग उठून स्वयंपाकघरात गेले, दारामागची पेटी उघडली आणि म्हटलं, "येते आई." घर म्हणालं, "ये. सावकाश जा." मी दांडा खाली ओढला.

एकदम सगळं गप्प झालं. फ्रिजसुद्धा. मला माहीत नव्हतं की एवढे आवाज होते. संध्याकाळ झाली आणि दिवे लागले नाहीत. मावशींकडून निरांजन आणलं. काडी ओढता येईना, तीन काड्या मोडल्या. बाबांच्या फोटोपुढे लावलं. आईचा फोटो इथे नाही, आई तर इथेच असायची ना, कोण लावणार. तुमच्याकडे असेल तर काढून ठेवा. तुळशीला सकाळी पाणी घातलं, जरा जास्तच झालं, सगळ्या अंगणात वाहिलं.

काका, लोकांना काय सांगू असं तुम्ही विचारलं होतंत. काही सांगू नका. आजवर माझ्या वतीनं पुष्कळांनी सांगितलं. यंत्रानं सांगितलं, आईनं गल्लीभर सांगितलं, आईच्या आवाजात घरानं सांगितलं, तुम्हीही आधी विमानाच्या तिकिटाचं सांगून बघितलंत. आता मीच सांगते.

उद्या दुपारच्या बसनं येते. स्टँडवर घ्यायला येऊ नका, गाडी पाठवू नका. मी बाजारपेठेतून चालत येईन. कुणी ओळखून थांबवलं तर थांबेन, आणि आईच्या वेळी कुठे होतीस असं विचारलं, तर सांगेन.

तुमची,
वृषाली